शैलाताईंचा उजवा हात

१

प्रोफेसर प्रबोध सबनीस दुपारी साडेबाराला जेवायला बसले आणि एक वाजायच्या आत गेले. घसा सुजून बंद झालेला, चष्मा टेबलाखाली पडलेला, पोळीचा तुकडा तसाच बोटांत राहिलेला. डब्याच्या वरच्या खणात काकडीची कोशिंबीर निम्मी उरली होती.

शेंगदाणा त्यांचा लहानपणापासूनचा वैरी. चुकून एक दाणा पोटात गेला तरी जीवावर बेतायचं, म्हणून बॅगेत इंजेक्शनचं पेन कायम असायचं. त्या शुक्रवारी सकाळी मात्र प्रोफेसर स्वतःच आपल्या प्रयोगशाळेच्या स्कॅनरमध्ये झोपले होते. त्या खोलीत धातूची टाचणीसुद्धा न्यायची नाही असा नियम. म्हणून बॅग लॉकरमध्ये, लॉकरची किल्ली स्कॅनर चालवणाऱ्या डॉक्टर क्षितिज वैशंपायनांच्या खिशात, आणि वैशंपायन रोजच्यासारखे साडेबाराला खाली कॉफी प्यायला गेलेले. अश्लेषा करमरकर नावाच्या विद्यार्थिनीने सरांना पाहिलं, किंचाळत खाली धावली, किल्ली आणली, पेन टोचलं. तोवर उशीर झाला होता.

हे सगळं इन्स्पेक्टर कादंबरी राजाध्यक्षला दुसऱ्या दिवशी कळलं, आणि तेही वेगळ्याच कारणाने. क्लेमेंटीच्या पोलीस ठाण्यात एक बाई आपल्या पायांनी चालत आली होती आणि मराठीखेरीज दुसऱ्या भाषेत तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. कादंबरी सिंगापुरातच जन्मलेली. आईवडिलांनी घरात मराठी सोडली नाही म्हणून टिकलेली तिची भाषा. ठाण्यात तिचा उपयोग वर्षातून एकदा झाला तर झाला. तिला बोलावणं आलं.

बाईचं नाव शैला उकिडवे. नवरा मुकुल चांगी बिझनेस पार्कातल्या एका बँकेत कामाला, सहा वर्षांची एक मुलगी. क्लेमेंटीतल्या फ्लॅटमधून शैलाताई विद्यापीठातल्या मराठी माणसांना डबे पुरवायच्या. सबनीस सरांचा डबा चार वर्षं त्यांच्याकडून जात होता.

"सर माझ्या हातून गेले," शैलाताई म्हणाल्या. "कोशिंबिरीत दाणे निघाले असं काल कळलं, ते कूट माझ्याच हातानं पडलं. दुसरं कोण घालणार?"

"घातल्याचं आठवतंय तुम्हाला?"

"आठवत नाही, तेच तर! हात आपोआप गेला असणार. आपल्याकडं कोशिंबीर म्हटली की कूट आलंच की हो, मॅडम. लहानपणापासूनची सवय."

त्यांच्या उजव्या हाताला मनगटापर्यंत बँडेज होतं. कादंबरीने सहज विचारावं तसं विचारलं, काय झालं म्हणून.

"काल संध्याकाळी तापलेल्या तव्यावर ठेवला," शैलाताई म्हणाल्या. "म्हटलं, परत असं करायला उरायलाच नको."

२

डॉक्टर क्षितिज वैशंपायन माणूस गोड बोलणारा. कादंबरीला बसायला स्वतः खुर्ची ओढून दिली, सरांच्या आठवणीने त्यांचे डोळे दोनदा भरून आले, आणि शैलाताईंचं नाव निघताच ते कळवळून म्हणाले, "त्या बिचारीला छळू नका हो. तिचा काडीचा दोष नाही."

"त्या स्वतः तर हो म्हणताहेत."

"म्हणणारच. माणसाला वाटत असतं, मी ठरवलं आणि मी केलं. आमचं सगळं संशोधन सांगतं की तसं नसतं."

मग त्यांनी प्रयोग समजावून सांगितला. माणसाच्या डोक्यावर तारा लावायच्या, समोर दिवा. हिरवा लागला की बटण दाबायचं. हात निघाला की मधेच कधीतरी तांबडा लावायचा. तांबडा दिसला की थांबायचं. साठ जणांना बसवलं होतं. मेंदूचा हुकूम एकदा सुटला की हात परत घेता येत नाही, माणसाला कळतं ते नंतर, असा त्यातून निष्कर्ष निघाला. हा निबंध सबनीस आणि वैशंपायन या दोघांच्या नावावर छापून आला होता आणि जगभर गाजला होता. दोन देशांतल्या वकिलांनी तो आरोपींच्या बचावासाठी कोर्टात वाचूनही दाखवला होता.

"शैलाताईसुद्धा बसल्या होत्या प्रयोगाला," वैशंपायनांनी एक कागद पुढे सरकवला. "हा त्यांचा निकाल. चाळीसपैकी एकदाही थांबता आलं नाही. हा कागद कोर्टात ठेवा, मी साक्ष द्यायला येतो. कूट घालायची तीस वर्षांची सवय, डबे समोरासमोर, हात गेला. ही जबाबदारी कुणावर टाकणार तुम्ही? एका पेशींच्या गोळ्यावर?"

"आणि बॅग लॉकरमध्ये होती?"

"तो नियमच आहे. आणि मी साडेबाराला कॉफीला जातो, ती माझी सवय. सर स्कॅनरमधून भुकेले निघाले की समोरचं वाचत वाचत बकाबका जेवायचे, ती त्यांची." वैशंपायन खिन्न हसले. "कुणीच काही ठरवलं नाही हो, इन्स्पेक्टर. आणि माणूस गेला."

बाहेर पडताना कादंबरीला बरं वाटायला हवं होतं. एक गरीब बाई सुटत होती. मुकुल उकिडव्यांचा तर तिला तीनदा फोन येऊन गेला होता की वैशंपायनांचा कागद घ्या, तो मान्य म्हणून शैला त्यावर सही करायला तयार आहे, वकीलही म्हणतोय की त्या कागदामुळे ती निष्काळजीपणाच्या आरोपातून सुटेल. तरी तिच्या मनात खटकत राहिलं. इतक्या सगळ्यांच्या सवयी एकाच दुपारी, एकाच टेबलापाशी, इतक्या शहाण्यासारख्या कशा भेटल्या?

ती गाडीत बसते न बसते तोच फोन वाजला. पलीकडे अश्लेषा होती, आणि दबक्या आवाजात बोलत होती.

"मॅडम, त्यांनी तुम्हाला शैलाताईंचा कागद दिला ना? तो खोटा आहे."

३

हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या ठेल्यांच्या त्या गजबजाटात, अगदी टोकाच्या टेबलावर अश्लेषा बसली होती. पुढ्यातलं लिंबाचं सरबत जागचं हललं नव्हतं. सत्तावीस वर्षांची पोर, पण चार दिवसांत चेहरा पार उतरला होता.

"आधी एक सांगून टाकते," ती म्हणाली. "गुरुवारी माझं आणि सरांचं कडाक्याचं भांडण झालं. ते तुम्हाला कुणीतरी सांगणारच. माझा सगळा प्रबंध त्या निबंधावर उभा आहे, आणि सर म्हणाले, मी तो निबंध मागं घेतोय. माझी पाच वर्षं पाण्यात. मी त्यांना नको ते बोलले."

"का मागे घेत होते?"

"कारण माणसं साठ नव्हती, एकोणऐंशी होती. एकोणीस जणांना वगळलं होतं. यंत्राची चूक असं कारण लिहून." अश्लेषाने ओठ चावला. "यंत्राची चूक नव्हतीच. त्या एकोणीस जणांना थांबता येत होतं. तांबडा दिवा कितीही उशिरा लावा, हात अर्ध्यावरून मागं! सरांना जुन्या नोंदी सापडल्या. ते म्हणाले, आपल्या या कागदाच्या जोरावर लोक सुटताहेत आणि लोक अडकताहेतसुद्धा. सोमवारी विद्यापीठाला कळवतो."

"वगळलं कुणी?"

"सगळा हिशेब वैशंपायन सरच बघायचे."

"त्यांना ठाऊक होतं, सोमवारचं?"

"गुरुवारी दुपारी सरांनी आम्हा दोघांना समोर बसवूनच सांगितलं. मी भांडले. वैशंपायन सर एक शब्द बोलले नाहीत." तिने मागे वळून एकदा पाहिलं. "आणखी एक. सरांचं स्कॅन पुढच्या आठवड्यात होतं. गुरुवारी संध्याकाळी वैशंपायन सरांचा निरोप आला, शुक्रवारी सकाळची वेळ रिकामी झालीय, उरकून टाकू."

कादंबरी तिच्याकडे रोखून पाहत राहिली. कारण अश्लेषालाही होतं, तेही तेवढंच मोठं. सर गेले तर प्रबंध वाचत होता. आणि त्या मजल्यावर डबे आणून ठेवायची एक छोटी खोली होती, तिथे ती आणि वैशंपायन दोघंही जाऊ शकत होते.

"हे तू आधी का नाही बोललीस?"

"आता माझे गाईड वैशंपायन सर आहेत, मॅडम. मी भित्री आहे." तिने पिशवीतून एक मळकी वही काढली. "पण शैलाताईंना तारा मी लावल्या होत्या. त्या बसल्या तेव्हा आकडे मी माझ्या हातानं लिहिले होते. चाळीस वेळा तांबडा लागला. सदतीस वेळा त्या थांबल्या. इतकं दुसऱ्या कुणालाच जमलं नाही. मी त्यांना विचारलंसुद्धा, कसं जमतं हो? त्या म्हणाल्या, अगं, मी रोज सकाळी तेच तर करते!"

४

शैलाताईंच्या स्वयंपाकघरात चार दिवस चूल पेटली नव्हती. मुकुल बाहेरून खाणं आणत होता. लहानगी ऋचा दारात उभी राहून कादंबरीच्या पट्ट्यावरचं ओळखपत्र वाचायचा प्रयत्न करत होती. शैलाताई तिला जवळ घेत नव्हत्या. पोर पदराशी आली की त्या उजवा हात पाठीमागे न्यायच्या.

"मॅडम, मी सही करते त्या कागदावर," त्या म्हणाल्या. "ते एवढे शिकलेले. ते म्हणतात माझ्या हातावर माझा ताबा नाही, तर नसेल. पण मग मी हिला कसं जेवू घालू, एवढं विचारा त्यांना."

कादंबरीला स्वयंपाकातलं फारसं कळत नव्हतं. अंडं उकडण्यापलीकडे तिची मजल नव्हती. ती ओट्याशी गेली आणि म्हणाली, "शैलाताई, मला कोशिंबीर करून दाखवा. सरांसाठी करायचात तशी. पहिल्यापासून."

"नको हो."

"डाव्या हातानं करा. मी बसते इथंच."

शैलाताईंनी शेवटी एक काकडी घेतली. डाव्या हाताने वेडीवाकडी चिरत चिरत त्या बोलायला लागल्या, आणि बोलता बोलता त्यांचा आवाज सुधारला. सरांचा डबा सगळ्यांत आधी. सरांची भांडी वेगळी, सुरी वेगळी. दाण्याच्या कुटाचा डबा तेव्हा वरच्या फळीवर, कपाट बंद. काकडी, दही, मीठ, साखर, जिऱ्याची फोडणी.

"आणि हे," त्यांनी एक छोटी बरणी उघडली. "तिळाचं कूट. कोशिंबिरीला काहीतरी धरून ठेवणारं लागतं ना! दाणे चालत नाहीत म्हणून सरांना तीळ. पहिल्या वर्षी हात सारखा वर जायचा, फळीकडं. मी ओढून खाली आणायची. मग त्या हाताला तिळाची बरणी लावून दिली."

"मिरची?"

"सरांना मिरची कशी चालेल? पोटात व्रण होता त्यांच्या. मिरची मी चिरते ती मागून, बाकीच्यांच्या डब्यांसाठी. तोवर सरांचा डबा बंद होऊन दारापाशी पिशवीत गेलेला असतो. त्याआधी फळी उघडायचीच नाही, हा माझा नेम."

"शुक्रवारी?"

"शुक्रवारीही बंद करून दारापाशी ठेवलेला मला आठवतोय. कूट मात्र आठवत नाही."

कादंबरीने पर्समधून तपासणीचा अहवाल काढला. तो तिने पाच-सहा वेळा वाचला होता, तिच्या साहेबांनी वाचला होता, तिच्या हाताखालच्या सार्जंट लिमनेही वाचला होता. सरांच्या डब्यातल्या कोशिंबिरीत काय काय सापडलं त्याची यादी होती ती, आणि तिघांनाही ती नुसती यादीच वाटली होती. काकडी, दही, साखर, जिरं, मोहरी, तीळ, शेंगदाणे, हिरवी मिरची. तिने ती मराठीत मोठ्याने वाचून दाखवली.

शैलाताईंच्या हातातला चमचा खाली पडला.

"तीळ आणि दाणे? दोन्ही? आणि मोहरी? अहो, असं कोण करेल?" त्या म्हणाल्या. "तीळ घातले तर दाणे कशाला घालीन मी? आणि मोहरीची फोडणी तर बाकीच्यांची. या माझ्या दोन कोशिंबिरी एकत्र केल्यात कुणीतरी!"

कादंबरीने स्वतःला सांगितलं, घाई करायची नाही.

"शैलाताई, ती दुसरी कोशिंबीर त्या दिवशी कुणाकुणाकडे गेली?"

"पाच डबे. चार पलीकडच्या इमारतीत."

"आणि पाचवा?"

"सरांच्याच मजल्यावर. वैशंपायन सरांचा. त्यांना तर कूट दुप्पट लागतं." त्यांच्या कपाळाला आठी पडली. "तीन वर्षांत त्यांचा डबा कधी विसळूनसुद्धा परत आला नाही. शनिवारी आला तो घासूनपुसून लख्ख. मला वाटलं, सर गेले त्या दुःखात केलं असेल."

५

वैशंपायनांनी या खेपेला खुर्ची दिली नाही. कादंबरी स्वतःच बसली.

"तुम्ही म्हणालात, हात सवयीनं गेला," ती म्हणाली. "मलाही ते पटलं होतं. पण शैलाताईंच्या हाताची सवय आहे कोशिंबिरीत कूट घालायची. ती सवय तिळावर भागली होती. एकदा भागलेली सवय पुन्हा फळीवर कशाला चढेल? डबे बदलले असते, तर तीळ सापडले नसते. तीळ सापडले, म्हणजे शैलाताईंनी जे करायचं तेच केलं होतं. दाणे नंतर आले. आणि एकटे आले नाहीत, मोहरी आणि मिरची घेऊन आले. म्हणजे आले ते दुसऱ्या तयार कोशिंबिरीतून, आणि शैलाताईंच्याच घरातल्या. हे तुम्हाला सोयीचं होतं, नाही का? दाणे तिच्याच घरचे निघणार, ती स्वतःहून कबूल होणार, आणि वर तुमचा कागद. तुम्ही सरांच्या डब्यातलं कधी चाखलं नव्हतं. तुम्हाला वाटलं, सरांच्या कोशिंबिरीत कूट नसतंच. अश्लेषा बाहेर जेवते. त्या मजल्यावर शैलाताईंची दुसरी कोशिंबीर फक्त तुमच्या डब्यात होती."

"हा स्वयंपाकघरातला तर्क झाला."

"शैलाताईंच्या निकालाचा कागद तुम्ही शुक्रवारी रात्री बनवलात. तुमच्या संगणकानंच सांगितलं. डबे ठेवायच्या खोलीचं दार कार्डानं उघडतं, त्यानंही सांगितलं."

वैशंपायनांनी चष्मा काढला आणि अगदी थंडपणे, वर्गात शिकवल्यासारखं बोलायला सुरुवात केली.

"समजा, मी केलं. गुरुवारी दुपारी सर बोलत होते तेव्हाच माझ्या मेंदूत ते ठरलं असणार. मला कळलं ते नंतर. भीती, वीस वर्षांची मेहनत, झोप नाही, हे सगळं मी निवडलेलं नाही. ज्या साखळीतून हात निघतो त्या साखळीवर माझा ताबा नाही. या देशात खुनाला फाशी आहे. तुम्ही एका पेशींच्या गोळ्याला फाशी देणार का?"

कादंबरीला त्या माणसाची मनापासून शिसारी आली. पण ती आवाज न चढवता म्हणाली, "त्या दारानं तुमची नोंद दोनदा केलीय. पहिल्यांदा अकरा बेचाळीसला. दोन मिनिटांत बाहेर. मग बारा पाचला, सात मिनिटं. पहिल्यांदा कशाला गेला होतात?"

वैशंपायनांनी काढलेला चष्मा पुन्हा चढवला.

"झाकण काढलं होतंत?"

"काढलं होतं," वैशंपायन म्हणाले. नेमकं विचारलं तर नेमकं उत्तर द्यायचं, ही वर्गातली सवय त्यांची इथेही सुटली नाही.

"मग?"

"मग लावलं. आणि बाहेर आलो."

"का?"

वैशंपायन काचेकडे वळले. काचेपलीकडे स्कॅनरचा गुणगुणाट चालू होता.

"हात निघाला होता आणि तुम्ही तो मागं घेतलात," कादंबरी उठत म्हणाली. "तुम्ही एकोणीस जणांना वगळलंत ना, डॉक्टर? विसावे तुम्ही होतात. एकवीस मिनिटं तुम्ही थांबला होतात, आणि मग परत आत गेलात."

६

शैलाताईंना ही बातमी सांगायला कादंबरी स्वतः गेली. सार्जंट लिम म्हणाला होता, फोन कर, वेळ वाचेल. तिला ते बरं वाटलं नाही.

तिने सगळं सांगितलं. सदतीस वेळा थांबल्याचंही सांगितलं. मुकुल भिंतीला टेकून उभा होता. कागदावर सही कर म्हणून आपण मागे लागलो होतो, हे आठवून तो मान वर करत नव्हता. शैलाताईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग त्या ओक्साबोक्शी रडल्या. सरांसाठी रडल्या, ते गेल्यापासून पहिल्यांदा.

"म्हणजे मी नाही," त्या म्हणाल्या.

"तुम्ही नाही. चार वर्षं रोज हात आवरलात, आणि त्या दिवशीही आवरलात."

"मला कुणी म्हणायचा अवकाश, मी लगेच मानलं हो. एकदासुद्धा म्हटलं नाही की मी असं करणार नाही."

कादंबरी निघायला उठली तर शैलाताईंनी तिला बसवून घेतलं. साडेसात वाजले होते. त्यांनी डाव्या हाताने कुकर लावला. वरण-भात, वर तूप, बस एवढंच. मुकुल मदतीला पुढे आला तर त्याला म्हणाल्या, नको, मला करू दे. भात मऊ झाला होता, घरभर तुपाचा वास पसरला. ऋचा ताट घेऊन टेबलाशी येऊन बसली.

"ममा, आय हंग्री ऑलरेडी लाह!" भूक लागल्याचं ती इथल्या पोरांच्या इंग्रजीत ओरडली.

शैलाताईंनी डाव्याच हाताने भात कालवला. पहिला घास उचलला, पोरीच्या तोंडापर्यंत नेला. ऋचाने आ केला. आणि हात तिथेच थांबला.

तो घास त्यांनी स्वतः खाल्ला. सावकाश, चावून चावून. मग ताट आपल्याकडे ओढून घेतलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसल्या.

"शैला," मुकुल हलकेच म्हणाला. "काही नाहीये त्यात. मॅडमनी सांगितलं ना आत्ताच?"

"कळतंय मला," शैलाताई म्हणाल्या. "सगळं कळतंय. पण नाही देववत."

ऋचा एकदा आईकडे आणि एकदा ताटाकडे पाहत होती. दहा मिनिटं झाल्यावर शैलाताईंनी ताट तिच्यापुढे सरकवलं, आणि थंड झालेला भात पोरगी आपल्या हाताने जेवली.